पुंगळी चेंबरमध्येच राहते: एक्स्ट्रॅक्टर बदलण्याआधी काय पाहाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. ९ मिमीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल, जुनं पण नीट ठेवलेलं. हल्ली अधूनमधून झाडलेल्या काडतुसाची पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेतच, राहते, मॅगझिनमधून वर आलेलं पुढचं काडतूस तिच्या बुडावर जाऊन आदळतं आणि सगळं जाम होतं. कधी पुंगळी निघते, पण स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, खिडकीत उभी अडकते. एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग नवी आणून ठेवली आहे. बसवली की काम होईल का?

होईलही. पण पुडी अजून फोडू नका. पुंगळी अडकली की सगळे आधी एक्स्ट्रॅक्टरकडे बोट दाखवतात आणि निम्म्या वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. नवा बसवल्यावर दोन दिवस पिस्तूल बरं चालतं, कारण बदलताना आजूबाजूची घाण साफ झालेली असते. मग दुखणं परत येतं आणि माणूस नळी, मॅगझिन, स्प्रिंग असं एकेक बदलत बसतो.

तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. पुंगळी चेंबरमधून मागे ओढणं हे एक काम, आणि ओढलेली पुंगळी बाहेर भिरकावणं हे दुसरं. ओढण्याचं काम एक्स्ट्रॅक्टरचं. स्लाइडमध्ये बसलेली ही पोलादी आकडी पुंगळीच्या बुडाजवळच्या खाचेत शिरते, रिमला, म्हणजे बुडाच्या कडेला, धरते आणि स्लाइड मागे जाताना पुंगळीला सोबत नेते. भिरकावण्याचं काम इजेक्टरचं. तो फ्रेमला पक्का असतो. मागे येणारी पुंगळी डाव्या अंगाने त्याच्यावर आपटते, आकडीभोवती गिरकी घेते आणि उजवीकडच्या खिडकीतून उडते. पुंगळी चेंबरमध्येच राहिली तर पहिलं काम फसलं. खिडकीत उभी अडकली, म्हणजे ज्याला स्टोव्हपाइप म्हणतात ते झालं, तर पहिलं काम निदान अर्धं तरी पार पडलं आणि दुसरं फसलं. आकडीची पकड ढिली असेल तर इजेक्टरपर्यंत पोचायच्या आतच पुंगळी खाली घसरते, त्यामुळे एकाच पिस्तुलात दोन्ही प्रकार आलटून पालटून दिसू शकतात. तुमचं तसं असण्याची शक्यता आहे, पण ते अंदाजाने नको, पुराव्याने ठरवू.

पुरावा म्हणजे ती अडकलेली पुंगळी. ती फेकू नका. पुढच्या वेळी जाम झालं की ती वेगळ्या डबीत ठेवा, शेजारी व्यवस्थित उडालेल्या चार-पाच पुंगळ्याही ठेवा.

ती काढायची कशी, हेही सांगतो, कारण घाईत इथेच अपघात होतात. नळी लक्ष्याच्या दिशेलाच, बोट ट्रिगरच्या बाहेर. डबल फीड झालं असेल, म्हणजे पुंगळी आत असतानाच दुसरं काडतूस तिच्यावर आदळलं असेल, तर मॅगझिनवर थाप मारून स्लाइड खेचण्याचा नेहमीचा उपाय चालत नाही, उलट दुसरं काडतूस आणखी घट्ट रुतून बसतं. स्लाइड मागे लॉक करा, मॅगझिन ओढून काढा, मग स्लाइड दोन-तीनदा जोरात मागे-पुढे करा. बहुतेक वेळा पुंगळी निघते. नाही निघाली तर आणि तरच, चेंबरमध्ये आहे ती रिकामी पुंगळीच आहे याची डोळ्यांनी खात्री करून, पिस्तूल उघडून नळी वेगळी करा आणि तोंडाकडून लाकडी किंवा पितळी दांडी घालून ती हलकेच मागे ढकला. आत जिवंत काडतूस असेल तर तोंडाकडून काहीही घालायचं नाही, ते आर्मररकडे, म्हणजे शस्त्रदुरुस्तीच्या जाणकाराकडे, द्यायचं. आणि जाम होण्याआधीचा बार नेहमीपेक्षा दबका वाटला असेल, तर नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का हे पाहिल्याशिवाय पुढची गोळी झाडू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते.

आता ती पुंगळी भिंगाखाली धरा, बुडाकडून, उजेड तिरका येईल अशी. रिमचा जो भाग आकडीखाली होता तिथे काय दिसतं? पितळ ओरबाडलेलं, कड मागच्या बाजूला वळलेली किंवा चक्क एक तुकडा तुटलेला असेल, तर आकडीने आपलं काम पुरेपूर केलं आहे. तिने धरलं, ओढलं, आणि शेवटी रिम फाटली पण पुंगळी हलली नाही. अशा पिस्तुलात नवा एक्स्ट्रॅक्टर घालणं म्हणजे रुतलेल्या गाडीला नवा दोर बांधणं. दोष चेंबरमध्ये आहे किंवा काडतुसात आहे. याउलट रिम स्वच्छ असेल, ओरखडासुद्धा नसेल, तर आकडीने धरलंच नाही. तिच्याखाली घाण आहे, स्प्रिंग दमली आहे किंवा टोक तुटलं आहे. तिसरा प्रकार मधला: रिमच्या कडेला छोटीशी चकचकीत घासलेली जागा, पितळ किंचित दबलेलं. आकडीने धरलं पण निसटली. इथे दोन्हीकडे पाहावं लागतं. शेजारच्या नीट उडालेल्या पुंगळ्यांवर नेहमीची खूण कशी असते हे आधी बघून ठेवा, नाहीतर साधा ओरखडाही भयंकर वाटतो.

आकड्यात सांगायचं तर ९×१९ च्या, म्हणजे नेहमीच्या ९ मिमी काडतुसाच्या, पुंगळीची रिम ९.९६ मिमी व्यासाची आणि खाचेचा तळ ८.७९ मिमीचा. म्हणजे एका बाजूने आकडीला धरायला मिळते ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त जागा. एवढ्याशा धारेवर सगळं अवलंबून आहे. त्यात काजळीचा पातळ थर बसला तरी पकड किती उरते, याचा अंदाज करा.

फाटलेली रिम सापडली तर चेंबरकडे चला. बार झाला की पुंगळीच्या आत दाब झपाट्याने चढतो. ९×१९ साठी युरोपीय मानकाची मर्यादा २३५० बार (दाबाचं एकक) आहे. त्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि मागे गॅस येऊ देत नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब उतरतो आणि पितळ किंचित आकसून भिंत सोडतं. लॉक होणाऱ्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड सुरुवातीचे काही मिलिमीटर जोडीने मागे जातात ते यासाठीच: दाब उतरायला वेळ मिळावा आणि मग नळी सुटून आकडीने पुंगळी ओढावी. भिंत गुळगुळीत असेल तर हे सहज होतं. भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे असतील, चेंबर कोरणाऱ्या रीमर या हत्याराच्या रेघा राहिल्या असतील किंवा काजळीचं कडं साचलं असेल, तर फुगलेलं पितळ त्या प्रत्येक खळग्यात शिरतं आणि आकसल्यावरही सुटत नाही. पुंगळीच्या अंगावर याची छापच उमटते. गोल रेघा, पुरळासारखे उंचवटे, एकाच जागी येणारा लांब ओरखडा. दोन-तीन पुंगळ्यांवर तीच खूण तशीच दिसली तर आणखी शोधायला नको.

एक अपवाद सांगून ठेवतो, म्हणजे कुणी घाबरणार नाही. हेकलर अँड कॉख पी७ या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये मुद्दामच उभ्या खोबणी कोरलेल्या असतात. त्यांतून गॅस पुंगळीच्या बाहेरच्या अंगाला येतो आणि ती भिंतीला चिकटत नाही. त्यातून निघालेल्या पुंगळीवर काळे उभे पट्टे दिसतात, आणि तेच बरोबर आहे.

चेंबर साफ करताना नळीचाच ब्रश घालून भागवू नका. तो तिथे सैल पडतो आणि नुसता फिरतो. चेंबरसाठी जाडसर ब्राँझचा ब्रश मिळतो. तो सॉल्व्हंटमध्ये भिजवून मागच्या बाजूने घाला आणि फिरवा. सॉल्व्हंटला दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, पुन्हा फिरवा, मग कोरड्या कापडाने पुसून काढा. चेंबर पूर्ण कोरडा हवा. "तेल लावलं की पुंगळी सटासट निघेल" हा सल्ला रेंजवर हमखास ऐकू येतो. ऐकू नका. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही, सगळा धक्का मागे स्लाइडच्या तोंडावर येतो, शिवाय त्या तेलावर काजळी दुप्पट बसते. पॉलिश पेपर आणि ड्रिल तर लांबच ठेवा. ९ मिमीचं काडतूस चेंबरमध्ये आपल्या तोंडाच्या कडेवर टेकून बसतं. ती टेकण्याची कड किंवा चेंबरचा व्यास उत्साहाच्या भरात बदलला तर नळी भंगारात जाते. खड्डे खरोखरच असतील तर ते काम गनस्मिथचं, म्हणजे बंदूक-कारागिराचं, आणि बऱ्याचदा उत्तर नवी नळी हेच असतं.

काडतुसाची परीक्षा अगदी सोपी आहे. नळी पिस्तुलातून काढा, चेंबर वर करून धरा आणि काडतूस नुसतं आत सोडा. टक असा आवाज येऊन ते तळाला बसलं पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर स्वतःच्या वजनाने बाहेर पडलं पाहिजे. बोटाने ढकलावं लागलं, तर ते काडतूस त्या चेंबरसाठी नाही. पुन्हा भरलेल्या काडतुसांत हा प्रकार जास्त दिसतो: पुंगळी बुडाशी फुगलेली राहते, किंवा आधीच्या एखाद्या पिस्तुलाने रिम वाकवून ठेवलेली असते. स्टीलच्या पुंगळ्या पितळेइतक्या आकसत नाहीत. चांगल्या चेंबरमधून त्याही निघतात, पण खरबरीत चेंबर आधी त्यांच्यावरच बोंब मारतो. म्हणून सगळ्यात आधी दुसऱ्या कंपनीची, फॅक्टरीत भरलेली, पितळी पुंगळीची काडतुसं वापरून पाहा. दुखणं एकाच बॉक्सपुरतं असेल तर पिस्तूल उघडायची गरजच नाही. आणि प्रायमर (बुडाच्या मध्यावरची ठिणगीची टोपी) चपटे झालेले, पुंगळी बुडाशी फुगलेली दिसली तर तो बॉक्स तिथेच बंद करा. तो दाबाचा प्रश्न आहे, आकडीचा नाही.

आता समजा रिम स्वच्छ निघाली. मग एक्स्ट्रॅक्टरची पाळी, पण तेव्हाही आधी साफसफाई. आकडीच्या पोटात, म्हणजे तिचं टोक आणि स्लाइडचं तोंड यांच्या मधल्या फटीत, काजळी आणि पितळेचा चुरा दाबून दाबून दगडासारखा होतो. वरून पिस्तूल चकाचक दिसतं आणि आत हा थर असतो. सॉल्व्हंटचा थेंब सोडा, मुरू द्या आणि लाकडी टूथपिकने खरवडा. निघालेला काळा खडा पाहून पुष्कळांचं निदान तिथेच संपतं. ग्लॉक, बेरेटा ९२, सीझेड ७५ अशा पिस्तुलांत आकडी स्लाइडच्या बाहेरच्या अंगाला असते आणि तिला मागून छोटी स्प्रिंग दाबत असते. त्या स्प्रिंगच्या भोकातही हाच चिखल होतो, विशेषतः कुणी प्रेमाने तिथे तेल सोडत असेल तर. साफ झाल्यावर आकडी बोटाने बाहेर ढकलून सोडा. ती ताडकन परत यायला हवी. रेंगाळली तर घाण अजून आहे किंवा स्प्रिंग गेली आहे. मग भिंगातून टोक पाहा. आतली धार सरळ, टोकदार आणि अखंड हवी. एक कोपरा जरी उडालेला असेल किंवा धार गोल झाली असेल, तर आता ती नवी पुडी फोडा.

१९११ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या पिस्तुलांत प्रकरण वेगळं. तिथला एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्लाइडच्या आत लांब बोगद्यात बसलेली एक अखंड स्प्रिंग-पोलादाची पट्टी. वेगळी स्प्रिंग नाही, पट्टीचा स्वतःचा बाकच ताण देतो. हा ताण तपासायला स्लाइड सुटी करा, डमी, म्हणजे दारू नसलेल्या खोट्या, काडतुसाची रिम आकडीखाली सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा. डमी धरून राहायला हवं, जोरात झटकल्यावर पडलं तर हरकत नाही. नुसतं ठेवताच गळून पडलं तर ताण कमी. सरकवायलाच जोर लागला तर ताण जास्त, आणि मग काडतूस वर चढतानाच अडेल. पट्टी बोगद्यात अर्धी घालून किंचित वाकवून ताण सुधारता येतो, पण ते हाताला वळण असलेल्याने करावं. शिवाय मागचा फायरिंग पिन स्टॉप, म्हणजे पट्टीचं मागचं टोक धरणारी छोटी चकती, सैल असेल तर पट्टी स्वतःभोवती थोडी फिरते, आकडी तिरकी होते आणि पकड कधी मिळते कधी नाही. "कधी होतं, कधी नाही" अशी तक्रार घेऊन १९११ आलं की मी आधी तो स्टॉप हलवून बघतो.

या पिस्तुलांचा एक्स्ट्रॅक्टर मरतो तो बहुधा मालकाच्या सवयीने. काडतूस सरळ चेंबरमध्ये टाकायचं आणि वरून स्लाइड सोडायची. इथे रिमने खालून वर सरकत आकडीखाली शिरायचं असतं. चेंबरमध्ये आधीच बसलेल्या काडतुसावरून आकडीला उडी मारायला लावली की पट्टीचा बाक जातो किंवा टोक उडतं. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच चढवा. बाहेरच्या आकडीचं पिस्तूल असलं तरी ही सवय वाईट नाही.

दोन चाचण्या अशा आहेत ज्यांना सुटा भाग लागत नाही. पहिली डमीची. जिवंत काडतूस खोलीतही नको. डमी मॅगझिनमधून चढवा आणि स्लाइड अगदी सावकाश मागे न्या. डमी आकडीला धरून, स्लाइडच्या तोंडाला चिकटून, इजेक्टरला टेकेपर्यंत मागे आलं पाहिजे. वाटेत मान टाकली तर पकड कमी आहे. दुसरी रेंजवरची, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी. मॅगझिनमधून एक काडतूस चढवा, मॅगझिन काढून बाजूला ठेवा आणि ती एकच गोळी लक्ष्यावर झाडा. एरवी वर आलेलं पुढचं काडतूस निघणाऱ्या पुंगळीला खालून आधार देतं आणि ढिल्या आकडीची लाज राखतं. मॅगझिन काढलं की तो आधार जातो. पुंगळी नेहमीसारखी बाजूला उडाली तर आकडी ठणठणीत आहे. मॅगझिनच्या पोकळीतून खाली टपकली तर गुन्हेगार सापडला. ब्राउनिंग हाय-पॉवरसारखी काही पिस्तुलं मॅगझिनशिवाय झडतच नाहीत. त्यांच्यावर ही चाचणी होत नाही, आणि त्यासाठी तो सुरक्षेचा भाग काढू नका.

उभ्या अडकणाऱ्या पुंगळीबद्दल थोडक्यात. आकडी चांगली निघाली तर मग स्लाइड पूर्ण मागे जात नाही असं समजा. कारणं तीनच नेहमीची: कमजोर काडतूस, गरजेपेक्षा कडक रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी), नाहीतर ढिलं मनगट. तिसरं कुणाला मान्य नसतं. तेच पिस्तूल, त्याच बॉक्समधली काडतुसं एखाद्या मुरलेल्या नेमबाजाला झाडायला द्या. एकही अडकली नाही तर पान्हा परत पेटीत ठेवा. उलट रिकॉइल स्प्रिंग फार दमलेली असेल तर स्लाइड वेगाने मागे झपाटते, आकडीला हिसका बसतो आणि ती रिमवरून निसटते. पूर्ण मापाच्या १९११ ला .४५ मध्ये १६ पाउंडांची स्प्रिंग मूळची असते. तुमच्या पिस्तुलाची मूळची किती आहे ते पाहा आणि आधी तीच नवी घालून बघा. इजेक्टर वाकलेला, झिजलेला किंवा सैल आहे का, हे एका नजरेत कळतं.

.२२ या छोट्या काडतुसाची पिस्तुलं वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. इथे बहुतेक पिस्तुलं साधी ब्लोबॅक असतात. पुंगळी गॅसच्याच जोराने मागे येते आणि आकडीचं काम तिला इजेक्टरपर्यंत धरून ठेवण्याचं, किंवा न झडलेलं काडतूस काढण्याचं. बेरेटाच्या २१ए या छोट्या पिस्तुलाला तर एक्स्ट्रॅक्टरच नाही. म्हणून .२२ ची पुंगळी चेंबरमध्ये रुतली तर संशय जवळजवळ नेहमी चेंबरवरच घ्यावा. गोळीवरचं मेण, शिसं आणि काजळी यांचं कडं चेंबरच्या पुढच्या टोकाला साचतं. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. .२२ सारख्या रिमफायर काडतुसांत फायरिंग पिन बुडाच्या कडेवर मारते. चेंबर रिकामा ठेवून ट्रिगर दाबत राहिलं तर काही पिस्तुलांत ती पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते, तिथलं पोलाद दबतं आणि आतल्या बाजूला बारीक उंचवटा येतो. तो प्रत्येक पुंगळीला धरून ठेवतो. नख फिरवून पाहा, लागतो. पुंगळीवरही नेमकी त्याच जागी, तोंडापासून बुडापर्यंत, एक सरळ रेघ दिसते. गनस्मिथकडे तो उंचवटा दाबून परत बसवायचं खास हत्यार असतं. कानस नको, कानशीने गेलेलं पोलाद परत येत नाही.

स्पर्धेत खेळत असाल तर हे सगळं रेंजवर दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, २५ मीटर प्रकारांत पुंगळी न निघणं हा मान्य बिघाडांत मोडतो, पण पिस्तूल लक्ष्याच्या दिशेला धरून, पकड न सोडता, मोकळा हात वर करून अधिकाऱ्याला बोलावलं तरच. आधी स्वतः स्लाइड खेचून पाहिली की तो हक्क सहसा जातो.

तर तुमच्या पिस्तुलासाठी क्रम असा ठेवा. दुसऱ्या बॉक्समधली काडतुसं, अडकलेल्या पुंगळीची रिम, चेंबर आणि आकडीच्या पोटाची सफाई, मग मॅगझिन काढून एक गोळी. इतक्यात बहुधा कळेल. एक्स्ट्रॅक्टर बदलायची वेळ आलीच तर स्प्रिंग आणि आकडी एकदम बदलू नका. आधी स्प्रिंग, मग तीच चाचणी पुन्हा, आणि फरक पडला नाही तरच आकडी. नवी आकडी बसवल्यावर ती बोटाने मोकळी हलते का आणि डमी सावकाश ओढल्यावर इजेक्टरपर्यंत धरते का, हे पाहूनच रेंजवर जा. जुनी स्प्रिंग चिठ्ठी लावून ठेवा. पुढे कधी शंका आली तर नवीसोबत तिची उंची ताडून पाहायला ती उपयोगी पडते.